आप्पा, आले

पटो न पटो, यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. माझ्याच घरात घडलं. मुखेडला, १० फेब्रुवारी २०२३, शुक्रवारी. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. चांगला उजेड होता.

मी शिल्पा. माझे वडील शरणप्पा, शाळामास्तर. आई आमच्या लहानपणीच गेली. आम्हा दोघी बहिणींना आप्पांचे नियम कडक. खिडकीत उभं राहायचं नाही. साडेपाचच्या आत घरी यायचं आणि उंबऱ्यात थांबून "आप्पा, आले" म्हणायचं.

थोरली ऋतुजा सगळं पाळायची. मला दिवसातून दहादा ऐकावं लागे, तिच्याकडं बघून शिक जरा.

एक दिवस मी आप्पांना सांगितलं, ऋतुजाला एसटी स्टँडजवळ एका पोराच्या गाडीवर बघितलं.

खरं तर मी फक्त तिच्यासारखी ओढणी पाहिली होती. तोंड नाही.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी तिचं कॉलेज बंद केलं आणि तिच्याशी बोलणंच सोडलं. दोन महिन्यांत ती काविळीनं गेली. औषध घेतच नव्हती.

ती गेली आणि आप्पा ती गाडी विसरले. आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या ऋतुजानं कधी मान वर केली न्हाई."

माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत.

त्या शुक्रवारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दारातून आवाज आला...

"आप्पा, आले."

"ये माय," आप्पा म्हणाले.

मला त्यांनी कधी माय म्हटलं नव्हतं.

मी पिठाच्या हातानं बाहेर धावले. दार सताड उघडं.

कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजताच मी उंबऱ्यात जाऊन बसले. साडेपाच झाले. बाहेरून कुणी आलं नाही...

आवाज माझ्या पाठीमागून आला. घरातून.

मी नायगावला मावशीकडं पळाले. तिसऱ्या दिवशी परत आले. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "आप्पा, आले."

आप्पांनी पेपरातून मान वर काढली नाही. "मघाशीच आलीस की."

मग थांबले. स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "मग दारात कोण हाय, माय?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला...

"कुणी न्हाई, आप्पा."

ऋतुजाचाच आवाज.

आप्पा परत पेपर वाचू लागले.

मी तशीच मागं फिरले आणि मिळेल त्या एसटीनं लातूर गाठलं. आता इथंच एका दुकानात काम करते, खोली करून राहते. घरी फोन केला की आप्पा म्हणतात, माझी लेक घरातच हाय, आणि ठेवून देतात.

शेजारच्या गुणाबाई सांगतात, संध्याकाळी आप्पा हसतात. मोठ्यानं.

मी त्यांना हसताना कधीच ऐकलं नाही.

पण खरं सांगू? भीती वाटते, त्याहून जास्त...

अजून तिचा हेवाच वाटतो.