चेतनाची तारीख

बाळांनो, कल्पना करा. नाहूरची एक सोसायटी, तिचं तळमजल्यावरचं वाचनालय, शनिवारची दुपार. एका टेबलावर कॉम्प्युटर, भोवती मुलं.

तिथे मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. तेरा वर्षांच्या चेतनानं माझ्या मदतीनं एक इंजिन लिहिलं होतं. हजेरीबद्दल त्याला SQL मध्ये, म्हणजे माहितीसाठ्याला प्रश्न विचारायच्या भाषेत, प्रश्न विचारायचा, ते उत्तर शोधून देतं. तारीख कशी दाखवायची याच्या खुणा मात्र चेतनाच्या स्वतःच्या होत्या. दिवसाला एक टिंब, महिन्याला दोन. दोन वर्षं मी त्यांचं कौतुक करत होतो.

मग मुलुंडहून निधी नावाची नवी मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, की तारखेसाठी SQL ची प्रमाण पद्धत आहे, ती घेतली तर आपले प्रश्न कुणालाही वाचता येतील. बरोबर होतं. मी तिची पाठ थोपटली.

चेतनानं विचारलं, "माझ्या खुणांत काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही गं. फक्त बाहेर कुणाला कळत नाही."

त्यानंतर ती निधीशी बोलली नाही.

बदल करताना आमचा नियम असतो. तोच प्रश्न जुन्या आणि नव्या पद्धतीनं विचारायचा, उत्तरं ताडून बघायची. अकरा प्रश्न जुळले. बारावा होता, आज कोण आलं?

नवी पद्धत: नऊ नावं. जुनी: आठ. निधीचं नाव नव्हतं.

तारखेच्या खुणा बदलल्यानं नाव गळत नाही. मी जुनी पद्धत पुन्हा चालवली. आठच.

तेवढ्यात वर्गातला अनय बिस्किटं वाटत आला. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेल्या निधीनं आपली निळी बाटली बाजूला ठेवून हात पुढे केला. तो तिच्यासमोरून निघून गेला.

"ए अनय, मला?"

त्यानं मान वळवली नाही. कुणीच वळवली नाही.

मी घाईनं नव्या पद्धतीनं विचारलं. नऊ. अनय थबकला, मागे आला. "घे ना, निधी."

चेतना स्क्रीनकडे बघत नव्हती. ती माझी बोटं बघत होती.

"जुनं पुसून टाक," मी तिला म्हणालो. पाणी प्यायला कोपऱ्यातल्या माठाकडे गेलो.

परतलो तेव्हा स्क्रीनवर आठ नावं होती. नव्या पद्धतीची फाईल कुठेच नव्हती.

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर एक निळी बाटली होती.

चेतनानं ती उचलली, झाकण घट्ट केलं आणि 'विसरलेल्या वस्तू' लिहिलेल्या खोक्यात नीट उभी ठेवली.