शेपटातला सातवा

चौथ्या प्रश्नाला चैत्रालीचा धीर सुटला.

"भाकरी जमते का तुम्हाला?" पुष्करनं विचारलं होतं.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या उघड्या स्टेडियममध्ये, ऑक्टोबरच्या भुरभुर पावसात, फुटबॉलच्या गदारोळात – भाकरी. हे स्थळ सुहासिनीमावशीनं आणलेलं. "कांदेपोहे नकोत ना, मग मॅचला भेटा, फ्रेश वाटतं," म्हणाली. आणि हा भला माणूस पाठांतराला बसल्यासारखा विचारत सुटलेला. उपास करता का? इंडियात परत जायचा विचार? तिचं हे पाचवं स्थळ. इथं नाही म्हटलं, तर बाबा नागपुरात परस्पर ठरवून मोकळे होणार होते. तरी तिच्या मनात 'नाही' केव्हाच लिहून झालेलं.

"नाही जमत," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मला... हो. गोल येते."

"मग झालं तर. एकानं थापली की पुरते."

तेवढ्यात ढगांमागून घरघर आली. कुणी पहाटे जातं ओढावं तशी... पण चार जाती, एका सुरात. पुष्कर ताडकन उठला आणि त्याची कॉफी तिच्या मांडीवर.

"लँकेस्टर," तो पुटपुटला. "महायुद्धातलं बॉम्बर, इथल्या म्युझियमनं अजून उडतं ठेवलेलं. चार इंजिनं, दहा मीटरचं पोट, सहा-सात टन बॉम्ब –"

"पुष्कर, मला भाजलंय."

"– आणि माणसं फक्त सात."

विमान अगदी डोक्यावरून गेलं. तेव्हा कुठं त्यानं खाली पाहिलं आणि रुमाल शोधू लागला.

"आणि बॉम्ब ज्यांच्यावर पडायचे, ती माणसं?" जीन्स पुसत तिनं फटकारलं.

"तीही असतात डोक्यात. सुंदर म्हणवत नाही, आणि नजर हटत नाही." तो ओशाळून बसला. "सॉरी. आईनं बजावलं होतं, विमानांचं काढू नकोस. आधीच्या दोघी त्यावरूनच नाही म्हणाल्या. म्हणून प्रश्न तिनंच दिले."

"भाकरीसुद्धा?"

"ती पहिली होती. मी मागे ढकलली."

हसू आलं, ते तिनं रागानं गिळलं. "बरं. त्या सातांतले तुम्ही कोण?"

त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"शेपटातला. मशीनगन घेऊन, मागं तोंड करून, एकटा. आठ-आठ तास, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. कुठं चाललोय ते दिसायचं नाही... कुठून आलो, तेवढंच. बाकी सहांचे आवाज हेडफोनमधून कानात यायचे, त्यावर तगायचा." त्यानं रिकामा कप उचलला. "इथल्या पहिल्या विंटरला, बेसमेंटमध्ये, आईचा फोन आला की मला तो आठवायचा."

चैत्रालीला आठवलं, तिचंही मार्कहॅममधलं बेसमेंट, हातभर खिडकी, काचेवर चढत आलेला बर्फ... चार स्थळांनी पगार विचारला होता, पदार्थ विचारले होते. एकटेपण कुणी असं सहज समोर ठेवलं नव्हतं.

"मावशींना काय कळवू?" त्यानं विचारलं. "नाहीच ना?"

"कळवा, मुलगी तापट आहे."

"आणि?"

"आणि पुढच्या रविवारी जे विचारायचं ते तुमचं तुम्ही विचारा. मी हो म्हणेनच असं नाही –"

"पण?"

"पण नाही म्हणायला आता कारण शोधावं लागेल," ती मैदानाकडे बघत म्हणाली, "आणि मी फार आळशी आहे, पुष्कर."