पांदणीची रेघ

लाइट गेली ते बरंच झालं. सरका जवळ. सोनाळ्याकडच्या दयारामची गोष्ट आहे, माझ्या साडूचा पुतण्या. खोटं रचायची त्या गड्याला अक्कलच नाही, म्हणून सांगतो.

मोबाइलवर नकाशे यायच्या आधीची गोष्ट, माघातल्या अवसेची रात्र. दयारामच्या वावरात जायला एकच पांदण होती, आणि रंगरावानं ती नांगरून आपल्या शेतात घेतली. वाट नाही तर वावर असून नसल्यासारखं. दयारामनं वाटेसाठी अर्ज केला, दुसऱ्या दिवशी तहसिलीत त्याची तारीख. जुनी पांदण कुठून जाते ते तिथं दाखवायचं होतं, आणि दिवसा रंगरावाचे गडी कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेले. मग रात्रीच जाणं आलं.

कालव्याच्या मोजणीवर असलेल्या उत्तमरावानं आपलं हातातलं जीपीएस यंत्र दिलं; आपण चालू त्या वाटेची रेघ ते ठिपक्या-ठिपक्यानं पडद्यावर काढायचं. सेटिंग लावताना म्हणाला, “वेळेच्या हिशेबानं ठेवलं तर तू उभा राह्यला तरी ठिपके पडत राह्यतील, एका जागी गुंता होईन. अंतरावर ठेवतो. पाच मीटर चालला का एक ठिपका. थांबला का रेघ थांबली.”

“तेच ठेव,” दयाराम म्हणाला.

घरी बायको कोकिळा आणि पाळण्यातलं पोर. “कडी लावून घे, मी येतोच,” म्हणून तो निघाला.

रंगरावाचा बाप पुंजाजी दिवाळीतच वारला होता. म्हातारा महा खुनशी. त्याच्या धुऱ्यावरून कोणी गेलं की शिवी नाही, बोलणं नाही, नुसता मागं मागं चालत यायचा. थेट त्या माणसाच्या उंबरठ्यापर्यंत. तिथं उभा राहून आत बघायचा आणि माघारी फिरायचा. बाया लेकरं आत ओढून घ्यायच्या. मला त्या माणसाची चीड होती, अजून आहे.

दयाराम लांबच्या फेऱ्यानं वावरात पोचला आणि तिथून पांदणीच्या अंदाजानं गावाकडे निघाला. नांगरटीत पाय रुतत होते, पण पडद्यावर रेघ नीट उमटत होती. अर्ध्यात बाभळीपाशी आला, तोच मागं ढेकूळ फुटलं.

तो थांबला. मागचा आवाजही थांबला.

“कोन हाय बे?”

रंगरावाचा गडी असेल म्हणून तो बाभळीला चिकटून उभा राहिला. श्वास दाबून. नजर पडद्यावर.

ठिपका पडला.

तो तर हललाही नव्हता...

आणखी एक पडला. बाभळीच्या पुढे. मग त्याच्याही पुढे. सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, रेघ गावाकडे निघाली होती.

कोकिळा... पोर...

यंत्र हातातून गळालं. तो पळत सुटला. पडला. उठला. पुन्हा पळाला.

घराचं दार बंद होतं. त्यानं थाप मारली.

“कोन हाय?” आतून कोकिळा.

“मी. उघड लवकर.”

मग ती हळू बोलली, “हे तर मघाशीच आले... पाळन्यापाशी उभे हायत.”

“कोकिळे... दार उघड.”

त्यानं दाराला खांदा लावला.

मग कडी निघाली. पोर तिनं छातीशी आवळून धरलेलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. पोर धडधाकट होतं, पण रडत नव्हतं. रिकाम्या पाळण्याकडे टक लावून बघत होतं.

सकाळी दयारामनं अर्ज मागं घेतला. वाट गेली ती गेलीच. उत्तमरावाला यंत्र बाभळीखालीच सापडलं, मातीत पालथं पडलेलं. त्यानं ते संगणकाला जोडलं.

रेघ वावरातून बाभळीपर्यंत आली होती. तिथून गावात, दयारामच्या अंगणात, उंबरठ्याच्या आत, पाळण्यापर्यंत.

जिवंतपणी पुंजाजी उंबरठ्यावरून माघारी फिरायचा.

त्या रेघेत माघारी फिरणं नव्हतं.