पाण्यावरचा तुकडा

"दोन पदव्या घेतल्यास, पण पाणी पुसायचा कंटाळा!" आमच्या प्रयोगशाळेतली जुनी तंत्रज्ञ बोडिल तिच्या निवृत्तीच्या दिवशी मला म्हणाली होती. "प्रत्येक ठोकळ्यानंतर पाण्यावर कागद फिरव, पोरी. तरंगतं ते कुणाचं तरी असतं." मी हसले आणि तिच्या केकचा आणखी एक तुकडा घेतला.

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या रुग्णालयात आमचं काम असं: मेंदूतून काढलेली गाठ मेणात बसवायची, त्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचपट्टीवर अलगद उचलायचे. रंग दिला की आमचा डॉक्टर थोरकिल सूक्ष्मदर्शकाखाली निदान करतो.

मार्चमध्ये त्याने हाक मारली. एका म्हाताऱ्याच्या कापाशेजारी मोहरीएवढा परका तुकडा होता. रक्तवाहिनीभोवती पेशी सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या उभ्या.

"अ‍ॅस्ट्रोब्लास्टोमा," तो म्हणाला. "मेंदूची दुर्मिळ गाठ. वीस वर्षांत दोनदा पाहिलाय. बहुतेक मुलींना होतो. पाणी पुसलं नव्हतंस ना?"

"नव्हतं."

"मग आधीचा ठोकळा कुणाचा?"

आधीच्या एकाही ठोकळ्यात तसलं काही नव्हतं. थोरकिलने देशभर फोन केले. अशी गाठ यंदा कुठेच, कुणाचीच काढलेली नव्हती.

मी पुसू लागले, दोन-दोनदा. पुढच्या आठवड्यात तसाच तुकडा पुन्हा आला. मिरीएवढा.

तुकड्याच्या जनुकीय तपासणीत, चुकून आमच्यापैकी कुणाचं काही पडलं का हे बघायला, आम्हा काम करणाऱ्यांचेही नमुने घेतले. अहवाल आल्यावर थोरकिलने खुर्ची पुढे केली. "आधी बस."

तुकडा निम्मा माझा होता. आई आणि मुलीत असतं, तसं.

लिवा माझी एकुलती, दोन वर्षांची. त्याच दुपारी तिचा स्कॅन झाला. डोकं स्वच्छ. नवरा रडला, मग हसला. "सुटलो गं!"

मी सुटले नव्हते. सात वर्षांपूर्वी, शिकत असताना, मी एका दवाखान्यात स्त्रीबीजं दान केली होती. निनावी. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं.

"नाव देता येत नाही," दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली.

"नाव नको. ज्यांना माझं बीज दिलं, त्यांना फक्त कळवा."

"काय कळवू? पाण्यावर तुकडा आला म्हणून?"

मी बोडिलला फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणून तर मी न बघता पुसायचे गं. बघितलं की ते आपलं होतं."

आता पुसवत नाही. त्या मुलीचा एवढाच पत्ता आहे, पुसलं तर तोही जाईल.

आज कापायचं यंत्र बंद होतं. पाणी मी स्वतः ताजं भरलं.

तुकडा होता. लिवाच्या नखाएवढा.

दान केलेल्या बीजातून झालेली पाच-सहा वर्षांची मुलगी तुमच्या घरात, ओळखीत असेल, सकाळी उठल्या-उठल्या तिला ओकारी होत असेल, चालताना तोल जात असेल, तर माझ्यासारखं हसून सोडून देऊ नका. तिचं डोकं तपासून घ्या. आजच. तोवर मी पाणी पुसत नाही.