लवादाच्या खुर्चीवर दिपमाला

"ओ वहिनी, जळगाव उनं! भाऊले उठाडा, बठ्ठा लोके उतरी ग्यात!"

कंडक्टरच्या आरोळीनं दिपमाला दचकून जागी झाली. जळगाव आलं? तिला तर अलीकडे, विद्यापीठाच्या फाट्यावर उतरायचं होतं! आणि वहिनी कोण? भाऊ कोण? शेजारी एक गृहस्थ गाढ झोपलेले, आणि त्यांच्या मांडीवर तिच्याकडे होतं तेच पुस्तक – बांधकाम कायदा.

"अहो… उठा. फाटा मागे गेला."

"गेला? मग उठवायचं नाही का?"

"वा रे वा! मी काय तुमचं गजराचं घड्याळ आहे?"

दोघं एकाच रिक्षानं परत फिरले. तो पारस. पारोळ्याचा, मोऱ्या आणि लहान पूल बांधणारा ठेकेदार. आपल्याच वकिलाची पत्रं आपल्याला कळेनात, म्हणून चाळिशीत शिकायला निघालेला. दिपमाला धुळ्याला बांधकाम खात्यात अभियंता. एका सुनावणीत समोरच्या वकिलानं तिला उलटसुलट प्रश्न विचारले आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या रागात तिनं विद्यापीठातल्या बांधकाम कायद्याच्या या रविवारच्या वर्गाला नाव घातलं. राग केव्हाच उतरला हो, थकवा तेवढा राहिला. सहा दिवस साइटवरचं ऊन आणि सातव्या दिवशी पहाटेची बस! अडतिसाव्या वर्षी बाकावर बसणं म्हणजे काही गंमत नाही. "लोकं या वयात पोरांना शाळेत घालतात, माय," म्हणत आई, धुरपदाबाई, कपाळाला हात लावायची.

पण मग दर रविवारी ती शेजारच्या सीटवर पिशवी ठेवू लागली. पारोळा आलं की पिशवी मांडीवर यायची. उन्हाळा तापला तसा पारस थर्मासातून ताक आणायला लागला.

"घ्या."

"ठेकेदाराकडून काही घ्यायचं नसतं."

"मग अर्धं मला परत द्या…"

ती हसायची. आठवडाभरात तेवढंच हसायची बिचारी.

आणि एका रविवारी, फाट्यावरच्या शेडमध्ये, घाम पुसत पारसनं विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

दिपमालाचं मन नव्हतं असं नाही, मन तर कधीच गेलं होतं! पण नोकरीत पंधरा वर्षं तिनं नाव असं जपलं होतं की कुणी बोट दाखवू नये. त्याची कामं सगळी जळगाव जिल्ह्यात, तिची धुळ्यात. एकमेकांच्या कागदाला कधी हातही लागला नव्हता. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? 'बाईनं ठेकेदार गटवला,' एवढं एक वाक्य पुरे. वर्गात तिच्या खात्यातले चौघं होतेच ना.

"विचार करते," ती म्हणाली, आणि नुसती दमत राहिली.

शेवटच्या वर्गाच्या दिवशी पारस हळूच म्हणाला, "मी पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला त्रास होतो. आज काही बोलला नाहीत तर… मी समजेन."

त्या दिवशी खोटी खोटी सुनावणी होती. वर्ग घेणाऱ्या तोताराम सरांनी पारसला ठेकेदाराच्या बाजूला बसवलं, खात्याच्या बाजूला दुसऱ्या कुणाला, आणि दिपमालाला केलं लवाद. म्हणजे दोघांचं भांडण मिटवणारा पंच.

"बसण्याआधी सांगा," सर म्हणाले, "की दोन्हीपैकी कुठल्याच पक्षाशी माझा संबंध नाही."

एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं… आणि समोर पारस. तो बघत नव्हता, पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. आता 'संबंध नाही' म्हटलं की खरंच संपलं.

"सर… आणि संबंध असला तर?"

"तर तसं सांगायचं. संबंध असणं हा दोष नाही बाई, लपवणं हा दोष."

अगं बाई! इतकं सोपं होतं? दिपमालानं खात्यातल्या चौघांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मग मला या खुर्चीवर बसता येणार नाही. ठेकेदाराशी माझा संबंध आहे."

"कसला?"

"लग्नाचा… म्हणजे, ठरवलाय. आत्ताच."

टोपण खाली पडलं. वर्गात एकच हशा उसळला, चौघांतल्या एकानं तर शिट्टीच मारली. सरांनी चष्मा काढून पुसला. "ठेकेदाराची काही हरकत?"

"हरकत कसली, सर!" पारस वाकून टोपण शोधत म्हणाला. "पण… लवाद बदला."

ती येऊन त्याच्या शेजारी मटकन बसली.

"उद्या ऑफिसात मीच लेखी कळवणार आहे," ती पुटपुटली. "तुमचं एकही काम माझ्या टेबलावर येता कामा नये."

"नाही येणार."

"आणि तुमच्या घरी?"

"न विचारता ठरवलं म्हणून आई आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही."

"मग?"

"मग तुमच्याशीच बोलेल… माझ्याबद्दल तक्रारी करायला."

दिपमाला हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. भर वर्गात, सगळ्यांच्या देखत, तिनं त्याचा हात हातात घेतला.