विचारलं नाही म्हणून

हॉटेलातल्या त्या फिरत्या जाळीच्या टोस्टरचं डोकं फिरलं होतं. पाव एकदा घातला तर पांढराफटक बाहेर यायचा, पुन्हा घातला तर कोळसा. मधलं काही त्याला येतच नव्हतं. ती तिसरा पाव हातात घेऊन त्याच्यासमोर उभी होती आणि उलटतपासणीत साक्षीदाराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

"तो कुणाला घाबरत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "मी कालपासून प्रयत्न करतोय."

तिनं वळून पाहिलं. उंच, चष्मेवाला, शर्टाची एक बाही नीट दुमडलेली आणि दुसरी दुमडायची राहून गेलेली. बशीत दोन करपलेले टोस्ट. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागून यायचे.

"दुसऱ्या फेरीत पाव मध्यावर आला की चिमट्यानं ओढून घ्यायचा. हे असं." त्यानं सोनेरी टोस्ट काढून तिच्या बशीत ठेवला.

"आणि तुम्ही?"

"मला करपलेलाच आवडतो."

"खोटं बोलताय."

"हो," तो म्हणाला.

एवढ्यावर कुणाचं काही जमतं का? नाही जमत. पण खिडकीजवळ एकच टेबल रिकामं होतं, बाहेर झिमझिम पाऊस लागला होता, आणि दोघांना कॉफी हवी होती. मग बसले समोरासमोर.

हॉटेल विमा कायद्याच्या वकिलांनी भरून गेलं होतं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिषद होती. आजूबाजूला मंडळी आगी, पूर आणि बुडालेली जहाजं यांच्याबद्दल मिटक्या मारत बोलत होती. नावाचे बिल्ले खाली दहानंतर मिळायचे होते, त्यामुळे कोण कुठला, कुणालाच पत्ता नव्हता.

"टोस्टरवर एवढा राग?" त्यानं विचारलं. "की राग दुसऱ्याच कुणाचा आहे?"

झालं. आमच्या वकीलबाई कोर्टात शब्द मोजून वापरायच्या, पण कोर्टाबाहेर त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

"तळटीप," ती म्हणाली.

"काय?"

"माझा जोडीदार. म्हणजे अहवालातला. तुम्हाला माहीतच आहे संघटनेची पद्धत. अहवाल दोघांनी लिहायचा, एक कंपन्यांच्या बाजूचा वकील आणि एक विमा काढणाऱ्यांच्या बाजूचा. प्रत्येक वाक्य दोघांना मान्य हवं. एक वाक्य जरी अडलं तरी अहवाल सभेपुढे येत नाही, थेट पुढच्या परिषदेपर्यंत कपाटात. तर माझ्या नशिबी हा माणूस आलाय. कित्येक महिने ईमेलवर भांडतेय. मी एक वाक्य लिहिलं की हा त्याखाली तीन तळटिपा लावतो. नुसतं 'सुप्रभात' लिहिलं तरी खाली टीप येईल, 'हवामानानुसार बदल संभवतो'."

समोरच्याला जोराचा ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"वय काय असेल हो त्याचं?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"साठीच्या पुढचा असणार. भाषेवरून कळतं ना. कार्यक्रमपत्रिकेसाठी साधा फोटो पाठवला नाही त्यानं. तोंड दाखवायची लाज वाटत असेल."

"असेल," तो हळूच म्हणाला.

"आता घोडं अडलंय सातव्या कलमावर. माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीला जे हवं ते तिनं स्पष्ट विचारावं. जे विचारलंच नाही, ते लपवलं असं नंतर म्हणता येणार नाही. तर हा म्हणतो, विमा विश्वासावर चालतो, ज्याला ठाऊक आहे त्यानं आपणहून सांगावं." तिनं चमचा बशीत ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला. "मला मावशीनं वाढवलं. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. आग लागली. कंपनी म्हणाली, शेजारच्या गोदामात रंगाचे डबे होते हे तुम्ही लपवलंत. अहो, तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेजारी काय आहे ते सांगायचं असतं, हे त्या बाईला काय स्वप्नात कळणार होतं? भरपाई गेली ती गेली. पण 'लपवलंत' हा शब्द तिच्या फार जिव्हारी लागला. तेव्हाच मी ठरवलं की हा कायदा शिकायचा."

पाऊस काचेवरून ओघळत होता आणि तो तिच्याकडे असा काही बघत होता की... तिनं उगाचच केस कानामागे सारले.

"हे तुम्ही त्या... तळटीपला कधी लिहिलंत?"

"घरचं रडगाणं कामात कशाला?"

"लिहायला हवं होतं," तो म्हणाला. मग त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरं वाटलं बोलून," ती उठता उठता म्हणाली. "छान ऐकता तुम्ही. अकरा वाजता त्या म्हाताऱ्याला भेटायचंय. दुपारच्या जेवणाला असाल ना?"

"असेन... तुम्ही तेव्हाही बोलायला तयार असाल तर."

किती नम्र आहे बिचारा, असं तिला वाटलं. जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती.

अकराला तिनं बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. आत म्हातारा नव्हता. टेबलापाशी चष्मेवाला उभा होता. आता दोन्ही बाह्या दुमडलेल्या, आणि छातीवर बिल्ला. बिल्ल्यावरचं नाव तिला पाठ होतं. महिनोन् महिने त्याच नावावर ती दात ओठ खात आली होती.

तिच्या कानशिलांतून वाफ निघाली. सकाळपासूनचा एकेक शब्द आठवला. म्हातारा, तोंड दाखवायची लाज, सगळं. आणि मावशी. मावशीचं तर तिनं जवळच्या मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला.

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. चेहरा पडला. पण तीर सुटला होता. ती तशीच उभी राहिली, कारण हे वाक्य तिचंच होतं. सातवं कलम, शब्दशः.

"चुकलो," तो घाईनं म्हणाला. "जिभेवर आलं आणि... मला चेष्टा नव्हती करायची. सकाळी तुम्ही 'तळटीप' म्हणालात तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता. आणि मला तुम्ही उठून जायला नको होतात. एवढंच खरं कारण आहे. आणि सातवं कलम मला मान्य आहे. मावशींचं ऐकलं तेव्हाच मान्य झालं. कुठे सही करू?"

घ्या. महिनोन् महिने जे हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. शहाण्या बाईनं काय केलं असतं? सही घेतली असती आणि दार आपटून निघून गेली असती. ती मात्र खुर्ची ओढून बसली.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"मला आत्ता जे वाटतंय ना, ते कलमात कुठेच नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी विचारलं नाही. माझ्या कलमाप्रमाणे तुम्ही निर्दोष. आणि तरी मला तुमच्या डोक्यावर हा पाण्याचा जग ओतावासा वाटतोय. म्हणजे कलमात काहीतरी कमी आहे."

त्यानं मुकाट्यानं जग तिच्याजवळ सरकवला. तिला हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. राग सोडायला अजून वेळ होता.

तिनं पेन काढलं आणि रागारागानं लिहिलं. 'जे विचारलं नाही ते न सांगणं हा दोष नाही. मात्र समोरचा माणूस गैरसमजात आहे हे स्पष्ट दिसत असताना, स्वतःच्या फायद्यासाठी जो मूग गिळून बसतो, तो दोषी.'

"मूग गिळून?" त्यानं विचारलं.

"'गप्प बसतो' करा. मावशीला गैरसमज कुणाचा दिसत नव्हता. असं काही सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. ती सुटते. तुम्ही नाही सुटत."

त्यानं ते वाक्य दोनदा वाचलं. तिची नजर पेनावर होती. आता येणार खाली टीप. पण त्यानं सरळ सही केली.

"तळटीप नाही?" न राहवून तिनं विचारलं.

"दोषी माणसानं टिपा देऊ नयेत."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पद्धतीप्रमाणे दोघांनी मंचावर आळीपाळीनं अहवाल वाचला. एक परिच्छेद तिचा, एक त्याचा. तिचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत राहिला. सातव्या कलमाशी आल्यावर पहिल्या रांगेतल्या अध्यक्षीणबाई उठल्या. पिकल्या केसांच्या, फार हुशार आणि त्याहून खट्याळ.

"कलम मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "पण हा अपवाद कालपर्यंतच्या मसुद्यात नव्हता. आज सकाळी अचानक कुठून सुचला? एखादं उदाहरण द्याल?"

खाई त्याला खवखवे. दोघांनी एकाच वेळी पाण्याचे पेले उचलले.

सभागृह वाट बघत होतं. कंपन्यांचे वकील कुजबुजायला लागले होते. उदाहरण पटलं नाही तर मतं विरोधात जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात त्यानं माईक ओढला.

"समजा," तो म्हणाला, "एक माणूस नाष्ट्याला बसलाय. समोर एक बाई. ती एका तिसऱ्याच माणसाला मनसोक्त शिव्या घालतेय. आणि तो तिसरा माणूस म्हणजे हाच आहे, हे तिला ठाऊक नाही. तिनं विचारलेलं नाही. याला मात्र सगळं कळतंय. तरी तो गप्प बसतो, कारण... कारण तिचं बोलणं थांबू नये असं त्याला वाटतं. त्यात त्याचा फायदा आहे. ती मात्र विश्वासानं मनातलं सांगून बसते." त्यानं चष्मा काढून पुसला. "हा माणूस दोषी आहे की नाही?"

मागून एक हसू फुटलं, त्याला दुसरं मिळालं, आणि बघता बघता सगळा हॉल खदखदू लागला. तिचे कान लाल झाले होते.

"दोषी," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "शंभर टक्के. आणि त्या बाईचं पुढे काय झालं?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," ती माईकवर म्हणाली.

मग मतदान झालं. हात वर गेले, कंपन्यांच्या वकिलांचे सुद्धा. तिनं मोजले नाहीत. डोळे भरून आल्यावर मोजायचं कसं?

संध्याकाळी गच्चीवर पाऊस थांबला होता. ओल्या कठड्याला टेकून तिनं फोन लावला. थोडं अंतर ठेवून तो उभा होता, जवळ यावं की नाही या विचारात.

"मावशी, कलम पास झालं."

पलीकडून मावशी म्हणाली, "म्हणजे मी लपवलं नव्हतं?"

"नव्हतं गं. आता सगळ्यांनी हात वर करून सांगितलंय."

मावशी रडली. इकडे हीसुद्धा रडली. रुमाल सापडेना, तेव्हा शेजारून एक हात पुढे आला. तिनं रुमाल घेतला, आणि तो हात लगेच परत जाऊ दिला नाही.

"कोण आहे गं तिथे?" मावशीचे कान फार तिखट. "ती तळटीप का?"

"तोच. पण म्हातारा नाहीये."

"दे त्याला. स्पीकरवर टाक."

"मावशी, काहीतरीच काय..."

"दे म्हणते ना. मला कुणी काही विचारलं नाही म्हणून माझं दुकान गेलं. मी सगळं विचारून घेणार."

आणि मावशीनं विचारलं. कुठे राहतोस, घरी कोण कोण, आधी लग्न झालंय का, स्वयंपाक येतो का, घोरतोस का. तो सावधान उभा राहून एकेक उत्तर देत होता. आई आणि एक बहीण. नाही. वरण जमतं, भाकरी नाही. बहीण म्हणते घोरतो. ती तोंडावर रुमाल दाबून हसत होती.

"राग येतो का?"

"येतो. पण लवकर उतरतो. आणि रागात ईमेल फार लांब लिहितो."

"ते ऐकलंय मी," मावशी म्हणाली. "आता शेवटचं. आमची पोर आवडते का तुला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. या वेळी ना डोळे हसले, ना ओठ.

"आवडते," तो म्हणाला. "तिचं नुसतं लिहिलेलं वाचून आधीच आवडली होती. म्हणून तर उत्तरं लांबवत होतो. सगळं एकदम मान्य केलं असतं तर ईमेल बंद झाले असते."

तिनं आ वासला. म्हणजे ते टिपांचं जंजाळ... एवढ्यासाठी?

"ऐकलंस ना गं?" मावशी म्हणाली. "आणि तुझं काय?"

"मला अजून कुणी विचारलंय कुठे?"

मावशीनं तिकडे हळूच फोन ठेवून दिला. ती शहाणी होती. गच्चीवर दोघंच राहिले. त्यानं घसा खाकरला, चष्मा सारखा केला, आणि विचारलं. अगदी साध्या, सरळ शब्दांत, एकही फाटा न फोडता.

"उद्या माझं विमान आहे," ती म्हणाली. "तुझंही. आपली शहरं दूर आहेत. मी फार बोलते. सकाळी कॉफीशिवाय माझ्या वाटेला जायचं नाही. आणि भांडणात मी पहिली माघार घेत नाही."

"हे मी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी आपणहून सांगतेय. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो."