नात्याचा रकाना

"चहा मिळणार नाही," दार उघडता उघडताच नणंद म्हणाली. "वसुलीवाल्यांना या घरात पाणीसुद्धा नाही."

"मी वसुलीवाला नाही, दुरुस्तीवाला आहे," खोडरबर म्हणाला आणि चपला काढून आत आला.

लोकांच्या कर्ज-अहवालातल्या चुका तपासायच्या आणि खऱ्या निघाल्या तर पुसायच्या, हे त्याचं काम. म्हणून कचेरीत सगळे त्याला खोडरबर म्हणत. आजची चूक या घरातल्या सुनेच्या नावावर होती. नवरा गेल्यावर कपड्यांच्या कारखान्यात शिवण करून तिने घर सावरलं होतं. आता स्वतःच्या दुकानासाठी गाळा घ्यायला निघाली, तर बँकेने अहवाल पुढे सरकवला. दोन वर्षांपूर्वीचं थकलेलं कर्ज. तिने कधी न घेतलेलं. दोरा कुणाचा, गाठ कुणाच्या गळ्याशी.

डाग पुसायचा, तर फसवलं कुणी ते तक्रारीत लिहावं लागतं. तक्रार लिहून तयार होती. नाव तिच्या पाठच्या भावाचं. सही तेवढी बाकी होती.

"भावावरच संशय का?" खोडरबरने विचारलं.

"माझ्या कागदांच्या प्रती त्याच्याकडे होत्या."

"तुम्हाला सुचलं, की कुणी सुचवलं?"

"मी सुचवलं," नणंद म्हणाली. "खरं बोलायला भीती कसली? पण हिला भाऊ प्यारा, आम्ही परके. बारा वर्षं झाली, माझ्या आईला एकदा तरी आई म्हणाली का विचारा. सासूबाई, सासूबाई. जशी काही हपिसातली साहेबीण बोलावतेय."

खाटेवरच्या सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

"नाही म्हटलं," सून म्हणाली. "आई एकच होती. ती गेली, शब्द घेऊन गेली."

खोडरबरने पिशवीतून त्या कर्जाच्या मूळ अर्जाची प्रत काढली. "अक्षर कुणाचं?"

"कळत नाही. छापल्यासारखं काढलंय."

"कर्ज देणाऱ्यांचा एजंट सही घ्यायला या घरी आला होता, दुपारी दोनला. तुम्ही तेव्हा कुठे असता?"

"कारखान्यात. सहापर्यंत."

"त्याने लिहिलंय, अर्जदार महिला समक्ष भेटली. कमिशनच्या घाईत फोटो आणि चेहरा ताडून पाहिला नसणार."

"मग हिची भावजय आली असेल," नणंद म्हणाली.

"असेल. ओळखीची व्यक्ती म्हणून सासूबाईंचं नाव आहे. शेजारी नात्याचा रकाना. वाचा."

सुनेने वाचलं. "आई."

"भावजयीने लिहिलं असतं, तर 'सासू' लिहिलं असतं. तुम्ही लिहिलं असतं, तरी 'सासू'च. बारा वर्षांत तो शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही, याची ग्वाही आत्ताच मिळाली." तो नणंदेकडे वळला. "नाव वहिनीचं, कागद वहिनीचे, अक्षरसुद्धा बदललंत. पण आईचं नाव लिहिल्यावर पुढचा शब्द हाताने तुम्हाला न विचारताच लिहिला."

"एका शब्दावर मला चोर ठरवता?"

"कर्जवाल्यांचा फोन आला होता," भिंतीकडे बघतच सासूबाई बोलल्या. "अर्ज करणारी तुमची कोण, म्हणून विचारलं. ही शेजारी उभी. म्हणाली, मुलगी सांग. मी सांगितलं. ते काही खोटं नव्हतं."

"आई, गप्प बस."

"दोन वर्षं गप्पच होते."

नणंद खाली बसली.

सुनेने कात्री घेतली आणि भावावरची तक्रार उभी कापली. नव्या कागदावर आरोपीपुढे 'नणंद' लिहिलं.

"साक्षीला माझं नाव घाल," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने घातलं. मग नात्याचा रकाना आला. पेन थांबलं. खाटेवरची मान पहिल्यांदा भिंतीवरून वळली, कागदावर झुकली.

सुनेने लिहिलं: सासू.

म्हातारीने अक्षर दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली. "आता तरी खोडायला लागू नये." आणि सहीसाठी हात पुढे केला.